कॅन्टोनीज येणाऱ्यांसाठी आरोग्यसेवेतील कामे

आज सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधील एका ज्येष्ठ नागरिक केंद्रात स्वयंसेवेसाठी गेले होते. प्लास्टिकच्या पिशवीत औषधांच्या बाटल्या घेऊन आलेल्या एका आजींना तेथील तरुण कर्मचाऱ्याने, कोणती गोळी सकाळी आणि कोणती रात्री घ्यायची, हे प्रत्येक बाटलीवर खूण करत कॅन्टोनीजमध्ये (दक्षिण चीन व हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेत) शांतपणे समजावले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण निवळला.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील कलम १५५७ नुसार, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना पात्र दुभाषा विनामूल्य द्यावा लागतो. आणीबाणी वगळता हे काम लहान नातवंडांवर सोपवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे दुभाषा, घरी जाऊन शुश्रूषा करणारे मदतनीस, समाजसेवक, स्वागतकक्षातील कर्मचारी अशा अनेक कामांत कॅन्टोनीज येणाऱ्यांना वाव आहे. वैद्यकीय दुभाषांच्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेतही कॅन्टोनीजचा समावेश आहे.

मात्र स्वागतकक्षासाठी नेमलेल्या व्यक्तीकडून दिवसभर भाषांतरही करून घ्यायचे असेल, तर त्या कौशल्याचा वेगळा मोबदला तिला मिळालाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. येथील परिचितांपैकी कोणाला कॅन्टोनीज येत असेल, तर त्यांना या कामांविषयी अवश्य सांगावे.