फ्रँकफर्ट ते लिस्बन: तिकिटावरचे तास आणि खरे तास

आई-बाबा माझ्याकडे फ्रँकफर्टला आले, तेव्हा बाबांची एकच मागणी होती: लिस्बन. त्यांचं बालपण मडगावात गेलं. वास्को-द-गामाची कबर लिस्बनच्या बेलें भागातल्या ज्या मठात आहे, तो त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. व्हिसाची अडचण नव्हती, कारण दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतात. माझी काळजी वेगळी होती. आईला मधुमेह आहे, बाबांचे गुडघे दुखतात. दोघांना नेमके किती तास बाहेर राहावं लागेल, ते मला आधीच पक्कं हवं होतं.

दोन शहरांमधलं हवाई अंतर साधारण १,८७० किलोमीटर. रस्त्याने ते २,२०० च्या पुढे जातं. रेल्वेचाही विचार केला, पण माद्रिद-लिस्बन रात्रगाडी मार्च २०२० पासून बंद आहे आणि गाड्या बदलत जाण्यात दोन दिवस मोडतात. म्हणजे विमानच.

तिकीट बघून बाबा म्हणाले, "अरे, जाताना दोन तास आणि येताना चार? वेगळं विमान आहे का?" विमान तसंच, प्रवासही दोन्हीकडे तीनेक तासांचाच. पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीपेक्षा एक तास मागे असतं आणि तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक छापतात. पोर्तुगालने १९९२ ते १९९६ मध्य युरोपची वेळ लावून पाहिली होती, पण हिवाळ्यात मुलांना अंधारात शाळेत जावं लागायचं, म्हणून ती सोडली. हे ऐकून बाबा खूश झाले. खरा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे जाताना तो समोरून येतो आणि काही मिनिटं जास्त लागतात. शिवाय छापलेल्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर गेटला लागणंही धरलेलं असतं. फ्रँकफर्टसारख्या अवाढव्य विमानतळावर ते थोडं नसतं.

आईच्या गोळ्या आणि खाणं मी जर्मनीच्या घड्याळाप्रमाणेच ठेवलं. ज्या औषधांना जेवणाची वेळ सांभाळावी लागते, त्यांना तिकिटावरचे "दोन तास" उपयोगाचे नाहीत. डबा हाताशी ठेवला.

स्वस्त तिकिटं शोधताना "फ्रँकफर्ट-हान" हे नाव दिसलं, तर नकाशा आधी बघा. हान शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. मुख्य विमानतळ मात्र मुख्य स्टेशनपासून लोकलने पंधरा मिनिटांच्या आत येतो. लिस्बनला तर विमानतळावरूनच मेट्रो मिळते.

बाबांसाठी व्हीलचेअरची मदत मागितली. युरोपीय संघाच्या नियमानुसार ती मोफत मिळते, फक्त निघण्याच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावं लागतं. वय झालेल्या माणसांना हे जरूर मागून द्या, संकोच करू नका. घर ते हॉटेल मी सात तास धरले होते आणि ते पुरले. त्याच संध्याकाळी बाबा तेजू नदीच्या काठावर बसले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी बेलें.

परतीचं तिकीट दुपारचंच काढलं. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित विमानं येत-जात नाहीत. शेवटच्या विमानाला उशीर झाला असता, तर आई-बाबांना घेऊन रात्र भलतीकडेच काढावी लागली असती.