आमची वाटचाल : मंजिष्ठा, नीळ आणि डाळिंबाची साल

आमचे कार्यालय पुण्यात आणि माग उत्तर प्रदेशातल्या भदोहीजवळच्या एका खेड्यात, असा आमच्या व्यवसायाचा दोन ठिकाणचा संसार 2003 पासून चालू आहे. पुण्याच्या माणसाने गालिच्यांच्या धंद्यात कशाला पडावे, असे तेव्हा अनेकांनी विचारले. ब्रिटिश अमदानीत येरवड्याच्या कारागृहातले कैदी विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांवरून नवे गालिचे विणत असत, हे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गावीही नव्हते. आम्हाला मात्र विजापूरच्याही मागे जाऊन थेट इराणचे नमुने विणायचे होते : ज्याला विणकर ‘माही’ म्हणतात ती हेराती नक्षी, हेरिझ गावच्या गालिच्यांवर मधोमध असते ती पदकासारखी कोनदार आकृती आणि 1883 मध्ये मँचेस्टरच्या झीगलर कंपनीने सुलतानाबादेत, म्हणजे आजच्या अराकमध्ये, बस्तान बसवल्यावर तिथे विणले गेलेले मोकळ्या वेलींचे गालिचे.

नक्शा कागदावर उतरवणे कष्टाचे असले तरी शिकता येते. खरी कसोटी रंगाची असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲनिलिनचे, म्हणजे रासायनिक, रंग इराणात शिरले, तेव्हा तिथल्या काजार सरकारने त्यांवर बंदी घातली, इतका त्या रंगांनी जुन्या गालिच्यांच्या लौकिकाला धक्का लावला होता. म्हणूनच मंजिष्ठा, नीळ, डाळिंबाची साल आणि अक्रोडाची टरफले यांबाहेर जायचे नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले.

हा निर्णय निभावला तो मिर्झापूरच्या आमच्या रंगारी चाचांमुळे. भांडवल माझे आणि हात त्यांचा, अशी आमची तोंडी भागी होती. तुरटीत रात्रभर मुरलेली लोकर ते मंजिष्ठेच्या कढईत सोडत आणि आच इतकी मंद ठेवत की पाणी कधी उकळत नसे. कढ आला की लाल रंगात तपकिरी झाक उतरते, हे त्यांना थर्मामीटरशिवाय कळे. निळीचा रांजण ते चुना आणि गूळ घालून लावत. त्यातून लडी वर काढली की ती आधी पिवळट हिरवी दिसे आणि वारा लागताच आमच्या डोळ्यांदेखत निळी होत जाई. हजारदा पाहिलेला तो क्षण आला की मी आजही हातातले काम थांबवतो.

हिरवा रंग वेगळ्या झाडापासून मिळत नाही. पिवळ्यावर निळा किंवा निळ्यावर पिवळा चढवूनच तो साधावा लागतो. इराणी रंगारी पिवळ्यासाठी इस्परकची फुले वापरत. आम्ही सांगोल्याहून डाळिंबाची साल मागवतो. हे सविस्तर सांगतो आहे, कारण आमच्यावरचे संकट याच पिवळ्यातून आले.

2010 मध्ये अमेरिकेने इराणी गालिच्यांच्या आयातीवर पुन्हा बंदी घातली आणि इराणी धाटणीच्या भारतीय गालिच्यांना अचानक मागणी आली. 2012 च्या उन्हाळ्यात आम्हाला तोपर्यंतची सर्वांत मोठी मागणी मिळाली : 9 बाय 12 फुटांचे 11 गालिचे. चौरस इंचाला 100 गाठी धरल्या तरी अशा एका गालिच्यात साडेपंधरा लाख गाठी होतात. तीन विणकर रोज प्रत्येकी सात हजार गाठी मारत बसले, तर एक गालिचा मागावरून उतरायला 75 दिवस लागतात. त्यातच चाचा आजारी पडले आणि हिरव्या लडी संपल्या. माल ठरल्या तारखेला पोहोचवण्याच्या धास्तीने मी शेजारच्या एका कारखानदाराकडून हिरवी लोकर रंगवून घेतली. सालीचा रंग आहे, असे त्याने मला तोंडावर सांगितले, आणि उन्हात नमुना न ठेवता मी ती लोकर मागावर चढवली. ती चूक माझी होती आणि ती मी कधी नाकारली नाही.

त्याने निळीवर हळद चढवली होती. हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही, हे या धंद्यातल्या पोरालाही ठाऊक असते. आठ महिन्यांत त्या गालिच्यांवरची सगळी पाने निळी झाली आणि अकराच्या अकरा गालिचे परत आले. भाडे, विमा आणि परतावा यांत आमचे घर गहाण पडले. 14 मागांपैकी 3 उरले. एवढ्यावर ते संपते, तर मी आज हे लिहिले नसते. त्याच कारखानदाराने आमचा विटलेला एक गालिचा मिळवला, पुढच्या प्रदर्शनात आपल्या दालनात अंथरला आणि वनस्पतीचे रंग असेच उडतात, असे ग्राहकांना दाखवत राहिला. पुढे तोच मनुष्य कारखान्यातल्या रासायनिक रंगांचा माल रसायनांच्या धुलाईने जुना भासवून ‘नैसर्गिक’ म्हणून विकू लागला. चाचांनी उभ्या आयुष्यात कढईत हळद टाकली नव्हती, आणि बोल त्यांच्या कढईला लागला. ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

त्या काळात नागपूरच्या एका निवृत्त डॉक्टर बाईंनी, सगळे ऐकून, निम्मी रक्कम आगाऊ पाठवून सुलतानाबादी धाटणीचा गालिचा मागवला. त्यांनी एकच अट घातली : हिरवा रंग चाचांनीच करायचा. चाचा बरे होऊन परतले होते. त्यांनी प्रत्येक हिरव्या लडीचा तुकडा पुठ्ठ्याने निम्मा झाकून गच्चीवर तीन आठवडे उन्हात ठेवला आणि मगच लोकर विणकरांच्या हाती दिली. पुढे डॉक्टर बाईंच्या ओळखीतूनच आणखी ग्राहक मिळाले आणि 2019 पर्यंत सगळे माग पुन्हा भरले.

गालिचा घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. पांढरे फडके ओले करून लाल भागावर घासा, लव बोटांनी फाकवून गाठीच्या मुळाशी कोणता रंग आहे ते पाहा, आणि दर सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाका. एकाच रंगात मधेच फिकट-गडद पट्टा आला, तर तो दोष समजू नका. वेगवेगळ्या कढईतल्या लडींमुळे तो पडतो आणि त्याला ‘अब्राश’ म्हणतात. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी तारीख चुकली तरी चालेल, पण दुसऱ्याच्या कढईतली लोकर विणू नये. पंजाही, म्हणजे विणीचे धागे ठोकून बसवायची फणी, स्वतः हातात घेऊन पाहावा. बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकताना त्याचा घाव कुठे हलका पडला, हे गालिच्याच्या पाठीवरून बोट फिरवले की कळते.

चाचा आता नाहीत. कढई त्यांचा मुलगा सांभाळतो. गेल्या दिवाळीआधी डॉक्टर बाईंनी किनार उसवली म्हणून तो गालिचा आमच्याकडे पाठवला. आम्ही तो उलटा पसरला, कोपरा दुमडून पुढची आणि पाठची पाने शेजारी शेजारी धरली, आणि चाचांच्या मुलाला बोलावून दाखवले. दोन्हीकडचा हिरवा सारखाच होता.