पिवळी बॅटरी

“फारच स्लो आहे, झोप येते.” आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याचा अभिप्राय: “एवढ्या स्पीडने कोण खेळणार? बकवास.” गेम एकच, लेव्हलही एकच, चौथी. दोघांनाही मी चोवीस तासांच्या आत उत्तर दिलं होतं आणि दोघांनाही चुकीचं दिलं होतं. दोन महिने झाले, दुरुस्ती केव्हाच झाली, तरी तो शनिवार डोक्यातून जात नाही. म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही दोघी आहोत. मी कोड लिहिते, मैत्रीण चित्रं काढते. नाशिकच्या गंगापूर रोडला तिच्या घराची मागची खोली हेच आमचं ऑफिस. ब्राउझरमध्ये चालणारे छोटे गेम करतो. ॲप उतरवायचं नाही, व्हॉट्सॲपवर लिंक आली की दाबायची आणि खेळायला लागायचं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश हे ब्राउझरमध्ये गेम चालवणारं सॉफ्टवेअर बंद झालं तेव्हा असले गेम आता संपले असं पुष्कळांना वाटलं होतं. संपले नाहीत. जे काम फ्लॅश करायचं ते आता ब्राउझर स्वतःच करतो. आमचं दोघींचं पोट दुकानांच्या वेबसाइटी करून भरतं. गेम हे जिवाचं काम.

हा गेम द्राक्षांच्या पॅकहाऊसचा. डावीकडून पट्ट्यावर घड येतात. खराब मणी कात्रीने काढायचे, बारीक मण्यांचा घड वेगळ्या क्रेटमध्ये टाकायचा, चांगला घड पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत भरायचा. पाचशे ग्रॅमची पनेट भरली की गुण. घड उजव्या टोकाला पोचला की हातचा गेला. मैत्रिणीच्या मामाची बाग पिंपळगाव बसवंतकडे आहे. ऐन हंगामात ती आठवडाभर तिकडे राहून चित्रं काढून आली. कात्री कशी धरतात, क्रेटमध्ये कागद कसा अंथरतात, पेटी बंद करताना द्राक्षांवर सल्फरचा पॅड कसा ठेवतात, सगळं त्यात आहे. थॉम्पसन जातीच्या हिरव्या मण्यावर पिवळसर झाक येते तो रंग जमायला तिला चार दिवस लागले. त्या रंगाबद्दल आजवर एकाही खेळाडूने शब्द लिहिलेला नाही, याचं मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

अभिप्राय गेमच्या खालीच येतात, तारे आणि दोन ओळी. बहुतेक मराठी इंग्रजी अक्षरांत, आणि निम्म्यांची सुरुवात “सर” अशी. गेम बाईने केला असेल ही शक्यताच कुणाच्या मनात येत नाही. “मस्त” आणि “बकवास” हे दोन शब्द सगळ्यात जास्त येतात आणि दोन्हींचा आम्हाला काडीचा उपयोग नसतो. चार ओळी लिहून सोबत स्क्रीनशॉट जोडणारा माणूस म्हणजे सोनं. अभिप्राय कोणत्या फोनवरून आलाय हे मात्र आम्हाला दिसत नाही. ज्याने ही सोय केली त्याने ताऱ्यांची नक्षी केली, पण ही एक ओळ ठेवली नाही.

मी सगळ्यांना उत्तर देते याचा मला अभिमान होता. पुष्कळ जण उत्तरच देत नाहीत आणि काही खेळाडूंशी भांडत बसतात. मी तसं कधी केलं नाही. माझ्याकडे तयार उत्तरांची एक फाइल होती. फास्ट वाटतो म्हणणाऱ्याला: “थोडा सराव झाला की हात बसेल, धन्यवाद.” स्लो वाटतो म्हणणाऱ्याला: “पुढच्या लेव्हलना वेग वाढतो, धन्यवाद.” आणि दोन्ही बाजूंनी तक्रारी येतायत म्हणजे वेग बरोबर मधोमध आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा स्लोच्या तक्रारी जास्त झाल्या तेव्हा वेग थोडा वाढवला. मग फास्टवाले चिडले. पुढच्या आठवड्यात कमी केला, तर स्लोवाले निघून गेले. शेवटी वेग मूळच्या जागी आणून ठेवला. महिनाभर हेच चाललं होतं.

त्या शनिवारी आमच्या भागात देखभालीसाठी वीज गेली होती. इन्व्हर्टरवर पंखा आणि वायफाय एवढंच चालतं, कॉम्प्युटर नाही. मैत्रीण दिवाणावर बसून तिच्या आयफोनवर आपलाच गेम खेळत होती. फोन अठरा टक्क्यांवर आला होता आणि तिने नुकताच लो पॉवर मोड चालू केला होता. बॅटरी वाचवायची ही सोय चालू असली की वरचं बॅटरीचं चिन्ह पिवळं होतं.

“अगं, आज पट्टा असा का रेंगाळतोय? तू परत वेग कमी केलास का?”

मी काहीच केलं नव्हतं. तिच्या हातातला फोन बघितला. घड खरोखरच सरपटत होते. वर कोपऱ्यात बॅटरी पिवळी.

ती पिवळी बॅटरी मी आधी कुठेतरी पाहिली होती. माझ्या फोनवर जुने अभिप्राय उघडले. “झोप येते” लिहिणाऱ्या ताईंनी तीन आठवड्यांपूर्वी स्क्रीनशॉट जोडला होता. मी तेव्हा त्यात पट्टा पाहिला, घड पाहिले, गुण पाहिले. वरची पट्टी पाहिलीच नव्हती. वेळ सकाळची सात वाजून बारा मिनिटं, बॅटरी चौऱ्याऐंशी टक्के, आणि रंग पिवळा. चौऱ्याऐंशी टक्क्यांना पिवळी म्हणजे त्यांनी मुद्दाम चालू ठेवलेली.

आता हे थोडं समजावून सांगते, कारण सगळं यातच आहे. पुढचं चित्र काढायची वेळ झाली की ब्राउझर गेमला हाक मारतो. साध्या मॉनिटरवर सेकंदाला ६० हाका येतात. मी प्रत्येक हाकेला घड दोन पिक्सेल पुढे सरकवत होते. पट्टा ९६० पिक्सेलचा, म्हणजे घड आठ सेकंदांत पार. पण हाका किती येणार हे स्क्रीनवर ठरतं. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर त्या दुप्पट येतात, तोच घड चार सेकंदांत पार होतो. आणि आयफोन लो पॉवर मोडवर असला की त्यातला ब्राउझर, सफारी, त्या ३० वर आणतो. सोळा सेकंद. मी ऑफिसच्या ६० च्या मॉनिटरवर आणि माझ्या जुन्या फोनवर तपासत होते, तोही ६० चाच. माझ्यापुरता गेम बिनचूक होता.

वीज यायची वाट न बघता आम्ही खाली गेलो. शेजारच्या मुलाने नवीन फोन घेतलाय, सेटिंगमध्ये १२० ठेवलेला. तिघं जिन्यात उभे राहिलो. तिच्या फोनवर मी तोंडाने मोजलं: सोळा. त्याच्या फोनवर चार म्हणेपर्यंत घड गेला. त्याने तिच्या फोनवर पाच मिनिटं खेळून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, हा तर लहान मुलांचा गेम आहे.”

मी हा प्रकार ज्या क्लासमध्ये शिकले तिथे हेच दोन पिक्सेल शिकवले होते. स्क्रीन ६० चीच असते असं धरूनच शिकवलं होतं, आणि अजून तसंच शिकवतात, कारण तिथून आलेल्या मुलांचा कोड मी पाहिला आहे. बरोबर पद्धत माझ्या वाचनात आलेली होती. मागच्या हाकेपासून किती वेळ गेला ते मोजायचं आणि त्या प्रमाणात घड सरकवायचा. मोठ्या गेमना लागते, आपला केवढासा, म्हणून मी ती बाजूला ठेवली होती.

दुपारी वीज आल्यावर बसले. अकरा ठिकाणी बदल होता: पट्टा, कात्री मिटणं, पनेट सरकणं, गुणांचे आकडे वर तरंगणं. रात्री आठला सगळं जुळलं असं वाटलं, तेवढ्यात मैत्रीण दुसऱ्या टॅबवर गेली आणि परत आली तर सगळे घड एका क्षणात उजव्या टोकाला जाऊन कोसळले. टॅब मागे गेला की हाका थांबतात. परत आल्यावर गेमला वाटतं मधली पाच मिनिटं एकदम भरून काढायची. मग मर्यादा घातली, एका हाकेला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त पुढे जायचं नाही. साडेनऊला तिन्ही फोनवर आठ सेकंद आले. त्या मुलाच्या आईने आम्हाला तिथेच जेवायला बसवलं.

इथवर सगळं छान होतं. मग आठवला गुणांचा तक्ता.

पहिला नंबर होता त्याच ताईंचा, स्लो म्हणणाऱ्या. सोळा सेकंदांच्या पट्ट्यावर मिळवलेला. आणि “बकवास” लिहिणारा मुलगा एकोणिसावा होता, नवव्या लेव्हलपर्यंत गेलेला, चार सेकंदांच्या पट्ट्यावर.

रात्री दोघांना लिहिलं. फाइल उघडली नाही. चूक काय होती, कुणाची होती, आणि मी आधी दिलेलं उत्तर न तपासता दिलेलं होतं, हे सरळ लिहिलं. मुलाचं उत्तर रात्रीच आलं. फोन १२० चाच. “म्हणजे मॅडम आम्ही नववी लेव्हल डबल स्पीडला मारली?” तो स्वतः निफाडकडच्या एका पॅकहाऊसमध्ये काम करतो. त्याने पुढे लिहिलं की त्यांच्याकडे पट्टा नाही, टेबलं आहेत, ते चालेल. पण गेममध्ये घड मधोमध धरला जातो ते चूक आहे. घड देठाला धरतात. मण्याला बोट लागलं की वरचा पांढुरका थर जातो आणि माल हाताळलेला दिसतो. मग त्याने लिहिलं, “हे मी पहिल्या अभिप्रायातच लिहिलं होतं.” मी शोधलं. “बकवास” च्या खाली तिसऱ्या ओळीत होतं. मी पहिल्या शब्दानंतर वाचलंच नव्हतं. मैत्रिणीने दोन दिवसांत हाताचं चित्र बदललं.

ताईंचं उत्तर सोमवारी सकाळी आलं. त्या नाशिक रोडहून रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला नोकरीला जातात. रात्री घरी येईपर्यंत फोन टिकायला हवा, म्हणून घरातून निघतानाच बॅटरी पिवळी करतात. सगळं नीट लिहिलं होतं, आणि शेवटी एक ओळ: “मग माझा पहिला नंबर खोटा का?”

मैत्रिणीचं म्हणणं, तक्ता तसाच ठेवूया, कुणाला कळणार आहे. माझं म्हणणं, पुसूया. दोघींचं चांगलंच वाजलं. तिचा मुद्दा असा की त्या बाईने काय फसवलं? दिलेल्या पट्ट्यावर खेळली. माझ्या डोळ्यांसमोर तो एकोणिसावा मुलगा होता. शेवटी जुना तक्ता “जुना” म्हणून वेगळा ठेवला, नवा सुरू केला, आणि आता प्रत्येक गुणाशेजारी हाका किती येत होत्या तो आकडा नोंदवतो.

ताईंना काय लिहावं ते दोन दिवस सुचेना. “खोटा नाही” लिहिलं की मी खोटं बोलतेय असं वाटायचं. “हो” लिहिणं तर शक्यच नव्हतं. शेवटी लिहिलं, “नंबर तुम्हीच मिळवला आहे. पट्टा आम्ही सगळ्यांना सारखा दिला नव्हता.” त्यावर उत्तर आलं नाही. महिना गेला. मुलगा नव्या तक्त्यात दुसरा आहे.

परवा नोंदी चाळताना ताईंचं नाव दिसलं. सकाळी सात वीस, सात सव्वीस, सात चौतीस. तिन्ही वेळा चौथ्या लेव्हलला बाद. शेजारी आकडा ३०.