ढवळीचा गोऱ्हा

सोमवार, रात्र. चोरलच्या पुढचं शेत.

गोऱ्हा सकाळपासून पातळ हगतोय. पांढरट-पिवळं, आंबूस वासाचं. जन्मून आठवडासुद्धा झालेला नाही. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहतंय, इंदूरहून गाडी येणं शक्य नाही. टेकाडावर चढले तेव्हा कुठे डॉक्टरांचा फोन लागला.

काकांचं एकच, "बाई, दूध बंद कर दो, दस्त अपने आप रुकेगी." त्यांचा जन्म गुरांत गेलाय, एरवी मी त्यांच्या शब्दाबाहेर नसते. आज मात्र अडून बसले. हगवणीत वासरू जातं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्यात दूधही तोडलं तर त्याने उभं कशाच्या जोरावर राहायचं? दूध थोडं थोडं चालूच ठेवलं. मध्ये दोन-तीन तास जाऊ देऊन ओआरएस. दोन्ही एकत्र दिलं तर दूध पोटात नीट साकळत नाही.

डोळे जरा खोल गेलेत. मानेची कातडी चिमटीतून सोडली की सावकाश बसते. पण तोंडात बोट घातलं तर चोखतो, तोंड गरम आहे! सगळी आशा त्यावरच. चोखत नसता तर बाटलीने पाजणंही धोक्याचं, पाणी फुफ्फुसात उतरतं. मग शिरेतून सलाईनच लागतं.

वजन अंदाजे २० किलो. त्यातलं ७-८ टक्के पाणी गेलं असं धरलं तरी दीड लिटरची तूट, शिवाय रोजची गरज, शिवाय अजून जातंय ते. म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन लिटर तरी, चार-पाच वेळा विभागून. काकू मीठ-साखरेचं पाणी करायला निघाल्या होत्या. माणसाच्या पोराला ते चालतं, तान्ह्या वासराला साधी साखर पचत नाही, हगवण वाढते. ग्लुकोजच हवं, मीठ-पाणी आतड्यातून आत ओढून घेतं ते तेच. पुड्या घरात होत्या म्हणून बरं.

ताप नाही, शेणात रक्त नाही, म्हणून अँटिबायोटिक नको, असं डॉक्टर म्हणाले. गोठ्यात चुना टाकला. गोऱ्ह्याची बादली वेगळी, आणि त्याचं सगळ्यांत शेवटी करायचं. हात साबणाने धुवायचे, कारण यातले काही जंतू माणसालाही लागतात.

मंगळवार.

पहाटे उठून ढवळीला ढुशा देत होता! शेण अजून पातळच, पण डोळे वर आलेत. ओआरएस आजही चालू.

मला राहून राहून चिकाचं वाटतं. गाईच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढायची शक्ती मिळत नाही, ती येते चिकातून. पहिल्या दोन तासांत मिळाला तर उत्तम, २४ तासांनंतर आतडं ती शक्ती आत घेतच नाही. आणि इकडे गाईची वार (गर्भाचं वेष्टण) पडेपर्यंत वासराला पाजत नाहीत! ढवळीची वार दुपारी पडली, तोवर हा उपाशीच होता. काकांशी आज यावर बराच वेळ बोलले. ते "देखेंगे" म्हणाले, म्हणजे निम्मे तयार.

तांबडी महिन्याभरात विणार. वासरू २० किलोचं असेल तर पहिले दोन लिटर त्याचे, वार पडो न पडो. रामबागेत आत्याबाईंना फोन करून सांगितलं, खरवस या वेळी उरलेल्या चिकाचाच मिळेल.