उजव्या बाजूची कोरी जागा

झाड, श्वास आणि शरीर यांवर मी अनेक वर्षे चित्रे काढत आले आहे. उच्छ्वास सुरू झाला की ओलसर हातकागदावर कुंचला टेकवायचा, तो संपताच उचलायचा आणि श्वास आत जात असताना हात स्थिर ठेवायचा, एवढीच माझी पद्धत. त्यामुळे रेघ किती लांब जाईल, हे हाताच्या नव्हे, छातीच्या स्वाधीन असते.

त्या दिवशी मात्र रेघा माझ्या श्वासावर ओढायच्या नव्हत्या. समोर बसलेल्या बाईंच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा खंड शस्त्रक्रियेने काढलेला होता आणि त्यांना आपल्या श्वासाचे झाड पाहायचे होते. उजव्या फुप्फुसाला तीन खंड असतात, डाव्याला दोन; म्हणून उजवीकडे खाली कागद कोरा सोडायचा, असे मी आदल्या रात्रीच ठरवले होते. चित्राचा सगळा अर्थ त्या कोऱ्या जागेत येईल, अशी माझी खात्री होती.

सुरुवातीच्या रेघा आखडलेल्या उमटल्या. आपल्या श्वासाकडे कोणी पाहत आहे हे जाणवले की तो बदलतो, म्हणून मी मान खाली घातली आणि केवळ त्याच्या आवाजावर रेघ धरली. हळूहळू रेघा मोकळ्या झाल्या. श्वासनलिका वायुकोशांपर्यंत पोहोचताना सुमारे २३ वेळा दुभंगते. कुंचल्याचे टोक पुरत नाही, म्हणून मी सातव्या-आठव्या फाट्यापाशी थांबते. एका उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर खोडाइतकीच जाडी भरते, असे लिओनार्दो दा विंचीने नोंदवले होते. फुप्फुसात मात्र फाटे वाढतील तसे त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ वाढत जाते आणि टोकांशी हवा अगदी संथ होते, म्हणून तिथे मी शाईत पाणी वाढवते आणि रेघेला कागदात पसरू देते.

उजवी बाजू अर्ध्यावर सोडून मी कुंचला धुवायला घेतला, तेव्हा बाईंनी विचारले, "इथे खाली काहीच नाही का?" मी माझी कल्पना सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "पण ती जागा आता रिकामी नाही. उरलेले खंड फुगून तिथे पसरलेत, श्वासपटलही वर सरकलंय. डॉक्टरांनी मला दाखवलं होतं."

इतकी झाडे न्याहाळूनही मला हे सुचले नव्हते, याचे फार वाईट वाटले. मोठी फांदी छाटली की जखमेच्या कडेने साल वळत येते आणि शेजारच्या फांद्या मोकळ्या झालेल्या उजेडाकडे वाढू लागतात. काही वर्षांनी तिथे पोकळी होती, हे सांगूनही खरे वाटत नाही. कोरी जागा सुंदर होती, पण ती त्यांच्या शरीराची नव्हती.

मी पुन्हा शाई घोटली. नवे फाटे काढायचे नव्हते, कारण उरलेले खंड पसरले तरी कापलेल्या श्वासनलिका परत उगवत नाहीत. म्हणून वरच्या खंडांच्या जुन्याच शाखा, एका उच्छ्वासाला एक अशा, लांबवत आणि वाकवत खाली आणल्या. बाईंनी उजव्या बरगड्यांवर तळवा ठेवला होता. अगदी अखेरच्या रेघेला त्यांना खोकला आला आणि ती मध्येच तुटली. मी ती जोडली नाही.