च, चौकोन आणि उद्गारचिन्ह
परवा ओटीपी टाकला, स्क्रीनवर ते गोल गोल फिरत राहिलं, पान अडकलं, म्हणून रिफ्रेश मारून तेच सहा आकडे परत टाकले, तर उत्तर आलं की हा वापरून झालाय. अरे, काम कुठे झालंय माझं? पासवर्ड मात्र गेली कित्येक वर्षं तोच आहे, दिवसातून दहादा टाकतो, झिजत नाही. चिडायचं सोडून मला आठवलं लिनियर लॉजिक, ही एक खोडच आहे.

शाळेतलं लॉजिक सगळ्यालाच पासवर्ड समजतं. एकदा एखादी गोष्ट खरी ठरली की ती कितीही वेळा वापरा, नाहीतर अजिबात वापरू नका, कोण विचारतंय. फ्रान्सच्या जाँ-इव्ह जिरार्डने 1987 साली नेमक्या याच दोन सवलती काढून घेतल्या, फुकट कॉपी नाही आणि फुकट टाकून देणंही नाही, आणि उरलं ते लिनियर लॉजिक. मग ‘अ असेल तर ब’ याचा अर्थ होतो अ खर्च करा, ब घ्या, अ गेला. (ओटीपी न वापरताच एक्स्पायर झाला तर चालतं, पण कडक लिनियर लॉजिकमधे तेही चालत नाही. टाकून द्यायची मुभा ठेवली की त्याला अफाइन म्हणतात, म्हणजे माझा ओटीपी खरं तर अफाइन.) पण एवढ्यावर गणित चालणार कसं, एखादं सूत्र दोनदा लागलं तर? म्हणून त्याने एक चिन्ह ठेवलं, उद्गारचिन्ह. !अ म्हणजे अ हवा तेवढ्या वेळा. हे चिन्ह तो वाचतो ‘ऑफ कोर्स’. आपल्याकडे अर्थातच.

आणि इथे मी त्या शेवटच्या च वर अडकलो.

‘तो येईल’ आणि ‘तो येईलच’ यात जो फरक आहे त्यावर मोडल लॉजिक, म्हणजे ‘आहे’ आणि ‘असणारच’ वेगळं धरणारं लॉजिक, उभं आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ सी. आय. लुइसला ‘खोट्यातून काहीही निघतं’ हे पटत नव्हतं, म्हणून 1918 च्या पुस्तकात त्याने ‘जर-तर’ला अपरिहार्यतेची अट लावली. आज आपण त्या च साठी चौकोन काढतो, चौकोन अ म्हणजे अ खराच, कुठल्याही शक्य जगात. म्हणजे लुइसची आणि जिरार्डची तक्रार एकाच ‘जर-तर’बद्दल, मधे जवळपास सत्तर वर्षं.

गंमत म्हणजे चौकोनाचे एस-4 मधले (ही मोडल लॉजिकची एक ठरावीक नियमावली) नियम आणि उद्गारचिन्हाचे नियम शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटतात. येईलच, तर येईल, हे झालं. च ला आणखी एक च लावून नवीन काही मिळत नाही, तेही दोन्हीकडे खरं. आणि तिसरा नियम मला सगळ्यात आवडतो, च मिळवायचा असेल तर ज्याच्या जोरावर मिळवताय ते सगळंच च वालं पाहिजे. ओटीपी वापरून एकदा आत शिरलात म्हणून ‘मी कधीही आत शिरू शकतो’ असं म्हणता येत नाही, एक पायरी जरी एकदाची असली तरी पूर्ण वाट एकदाचीच. तसंच, आज पाऊस पडतोय यावरून ‘रस्ता ओला असणारच, कुठल्याही जगात’ असं काढता येत नाही, कारण पाऊस तर फक्त आजचा.

मग दोन्ही एकच का? मला बरेच दिवस तसंच वाटायचं. तर्कशास्त्रज्ञ गोडेलने 1933 साली इंट्यूशनिस्टिक लॉजिक (पुरावा हातात असेल तरच खरं मानणारं) चौकोन लावून एस-4 मधे बसवलं होतं, जिरार्डनेही तेच लॉजिक उद्गारचिन्ह लावून आपल्याकडे बसवलं, युक्ती तीच. पण एस-4 मधे चौकोन नसलेली गोष्टही बिनधास्त दोनदा वापरता येते. चौकोन सांगतो किती ठाम, उद्गारचिन्ह सांगतं किती वेळा. एस-4 ला एक आणि दहा यातला फरकच दिसत नाही, लिनियर लॉजिक मोजत बसतं.

आणि ही मोजायची सवय महागात पडते. एस-4 मधलं कुठलंही विधान सिद्ध होतं की नाही हे कॉम्प्युटर ठरवू शकतो, वेळ लागेल पण ठरवेल. उद्गारचिन्हासकट लिनियर लॉजिकचं तसं नाही, नुसत्या प्रपोझिशनल (‘सगळे’, ‘काही’ असे शब्द नसलेल्या) भागासाठीही असा प्रोग्रॅम असू शकत नाही. कारण सुट्या वस्तू मोजता आल्या की त्यात काउंटर बसतो, काउंटर बसले की अख्खा कॉम्प्युटर बसतो, आणि मग तो थांबेल का हा ट्युरिंगचा जुना प्रश्न मागोमाग आलाच.

एक खोचक गोष्ट राहिलीच. तेच नियम देऊन दोन वेगवेगळी उद्गारचिन्हं घेतली तर ती एकच आहेत असं सिद्ध करता येत नाही, एस-4 च्या दोन चौकोनांचंही तसंच. म्हणजे तुमचा ‘अर्थातच’ आणि माझा ‘अर्थातच’ दोघेही सगळे नियम पाळून वेगळे असू शकतात. त्या पानाने नंतर ‘पासवर्ड बदलण्याची मुदत संपली’ असंही सांगितलं. त्यांच्या ‘हवा तेवढ्या वेळा’ला मुदत होती.