काँटेसाचा क्राउन-पिनियन आणि संकेश्वर-बेळगावचा रोजचा रस्ता

माझी गाडी हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा आहे. इसुझुचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा डबा तिला मुळातच आहे. इंजिनाचे हेड उतरवून व्हॉल्व्ह नीट बसवून घेतले, कार्बुरेटर आणि एक्झॉस्टचे काम झाले, ब्रेक आणि मागचे पाटे बदलले, तेव्हा गाडी खरोखर जोमाने पळू लागली. तरीही महामार्गावर ती सुखाने चालत नव्हती. पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असे आणि अजून एखादा गिअर असायला हवा होता असे सतत वाटे. गाडी केवळ रविवारी बाहेर काढायची असती तर मी हे चालवून घेतले असते, परंतु मी संकेश्वरला राहतो आणि बेळगावात उद्यमबागेत नोकरी करतो. रोज जाताना सुमारे ५० किलोमीटर आणि येताना तेवढेच अंतर याच गाडीने कापायचे असल्यामुळे मागच्या एक्सलचे गुणोत्तर बदलायचे मी ठरवले.

गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट मागच्या एक्सलमधला पिनियन हा लहान दातेरी गिअर फिरवतो आणि पिनियन क्राउन व्हील हा मोठा गिअर फिरवतो. गुणोत्तर म्हणजे क्राउन व्हीलच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारा आकडा. तो मोठा असेल तर चाकाला ओढ जास्त मिळते आणि इंजिन जास्त फिरते, लहान असेल तर याच्या उलट होते. आपल्या गाडीत सध्या कोणता आकडा आहे हे आधी कळले पाहिजे. माझ्या गाडीचा एक्सल पूर्वीच्या मालकांनी कधीतरी बदललेला होता, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यावर विसंबणे शक्य नव्हते. मग साध्या पद्धतीने मोजले. पुढच्या चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला ओट लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, मागचे एकच चाक स्टँडवर उचलले. एक चाक जमिनीवर स्थिर असताना डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे, उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउनची एकच फेरी होते. म्हणून चाक २० वेळा फिरवले आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजल्या. त्या साडेपंचेचाळीसहून किंचित जास्त भरल्या, म्हणजे गुणोत्तर ४.५६, अर्थात पिनियनला ९ आणि क्राउनला ४१ दात.

पर्याय शोधताना या एक्सलची वंशावळ उपयोगी पडली. बसवलेला एक्सल अ‍ॅम्बेसेडरच्या घराण्यातला होता, आणि अ‍ॅम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेली असल्यामुळे तिच्या एक्सलचे नाते ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या गाड्यांशी आहे. त्या घराण्यात ८-३९, ९-४१, १०-४३, १०-४१ आणि ११-४३ अशा जोड्या वापरल्या गेल्या. एमजीए या दोन आसनी गाडीला सुरुवातीला ४.३ चे गुणोत्तर होते आणि पुढे आलेल्या एमजीबीला ३.९१ चे. या जोड्यांत क्राउन आणि पिनियनच्या दातांना सामाईक विभाजक नाही, हे मला फार आवडले. बरोबर ४ चे गुणोत्तर १० आणि ४० दातांनी सहज साधता आले असते, पण मग पिनियनचा ठरावीक दात क्राउनच्या त्याच त्या चार दातांवर आयुष्यभर आपटत राहिला असता. विभाजक नसला की प्रत्येक दाताची गाठ प्रत्येक दाताशी पडते आणि झीज सगळीकडे सारखी होते. गुणोत्तरांचे आकडे असे ओबडधोबड का असतात, याचे हे एक मोठे कारण आहे.

मला ४.३, ४.१ आणि ३.९१ यांतून निवड करायची होती. प्रथम टायरचा प्रत्यक्ष परीघ घेतला. टायर १८५/७० आर १४ आहेत. कागदावर त्यांचा परीघ १.९३ मीटर येतो, परंतु गाडीचे वजन पडल्यावर टायर दबतो, म्हणून मी आत माणूस बसवून, खडूच्या खुणेने एक पूर्ण फेरी जमिनीवर मोजली. ती १.८७ मीटर भरली. त्यावरून चौथ्या गिअरमध्ये, जिथे डबा सरळ एकास एक चालतो, ताशी ८० किलोमीटरला इंजिनाचे फेरे असे येतात: ४.५६ ला सुमारे ३२५०, ४.३ ला ३०६५, ४.१ ला २९२५ आणि ३.९१ ला २७८५.

केवळ कागदी हिशेबावर निर्णय घेणे मला पटत नव्हते. माझ्या टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर, सारख्याच वेगाला पाचव्यात इंजिन चौथ्यापेक्षा १४ ते १५ टक्क्यांनी कमी फिरत असे, म्हणजे जुन्या एक्सलवर पाचव्या गिअरचे एकूण गुणोत्तर सुमारे ३.९ होते. याचा अर्थ, ३.९१ चा क्राउन-पिनियन बसवल्यावर चौथा गिअर जसा वागेल, तसाच माझा सध्याचा पाचवा गिअर वागत होता. एकही नट न उघडता मला नव्या गुणोत्तराची चव घेता येत होती! त्यानंतर काही दिवस मी जिथे एरवी चौथा वापरला असता तिथे मुद्दाम पाचवा ठेवून गाडी चालवली. हत्तरगी आणि यमकनमर्डी ओलांडेपर्यंत काहीच जाणवत नसे, पण बेळगावकडे येताना वंटमुरी घाटाच्या चढणीवर एखाद्या भरलेल्या ट्रकमागे वेग ६० पर्यंत उतरला की इंजिन धापा टाकू लागे आणि तिसरा गिअर घ्यावाच लागे. उसाच्या हंगामात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असताना, हे फार वेळा घडते. काकतीच्या पुढे शहरात शिरल्यावर दुसरीच अडचण दिसत होती. ३.९१ मुळे प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ १४ टक्क्यांनी घटणार होती, आणि गोवावेस किंवा तिसऱ्या रेल्वे गेटपाशी मुंगीच्या गतीने सरकताना त्याचा सगळा भार क्लचवर येणार होता. म्हणून ३.९१ मी बाजूला ठेवला.

४.३ चा लाभ जेमतेम साडेपाच टक्के होता. एवढ्या फरकासाठी एक्सल उघडणे, नवी बेअरिंगे आणि सील घालणे, हे मला पटले नाही. राहिला ४.१. त्यात ओढ १० टक्क्यांनी घटते, पण माझ्या इंजिनाची चांगली ओढ अडीच हजार ते साडेतीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान आहे आणि ४.१ च्या हिशेबाने घाटात चौथ्यात ७० ते ९० चा वेग नेमका त्या पट्ट्यात पडतो. पाचव्यात १०० ला फेरे ३१२५ च्या आसपास येतात. चौपदरी महामार्गावर मोटारीला १०० ची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे त्याहून वरच्या वेगाचा विचार करण्याचे मला कारण नव्हते. वेगवान गाडीचा एक्सल निवडताना अनेकजण थांबलेल्या गाडीच्या उसळीचा किंवा कमाल वेगाचा विचार करतात. रोजच्या गाडीसाठी मात्र आपण दिवसातला जास्तीत जास्त वेळ कोणत्या वेगाला आणि कोणत्या गिअरमध्ये घालवतो, तेथूनच हिशेब सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

४.१ चा, म्हणजे १०-४१ दातांचा, न वापरलेला जुना जोड कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात मिळाला. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यामुळे दोन्हींवर कोरलेला क्रमांक एकच आहे ना, हे पाहूनच मी तो घेतला. क्रमांक वेगळे असलेले क्राउन-पिनियन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

बसवण्याचे काम बेळगावातल्या एका वयस्कर मेस्त्रींनी केले, आणि या सगळ्या प्रक्रियेत मला सर्वाधिक शिकवणारा भाग तोच होता. या एक्सलचे एक सुख असे की चाकांकडे जाणारे दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर ओढून प्रोपेलर शाफ्ट सोडला की डिफरन्शियलचा पूर्ण भाग हाउसिंगच्या पुढच्या बाजूने बाहेर येतो आणि सगळी जुळवाजुळव टेबलावर करता येते. पिनियन किती आत बसावा हे त्यामागच्या शिमच्या, म्हणजे पातळ धातूच्या चकतीच्या, जाडीवर ठरते, तर क्राउन पिनियनच्या किती जवळ असावा हे दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या शिमवर. दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, अशा एक्सलमध्ये साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या दरम्यान लागते. मेस्त्रींनी डायल गेज लावून ती क्राउनवर वेगवेगळ्या जागी मोजली, कारण क्राउन किंचितही वाकडा बसला असेल तर ती एका जागी योग्य आणि दुसऱ्या जागी घट्ट लागते.

त्यानंतर क्राउनच्या काही दातांना प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ हात देऊन, क्राउनला थोडा अडसर ठेवून पिनियन फिरवला. दातावर उमटलेला ठसा तळाकडे गेला असेल तर पिनियन फार आत आहे, टोकाकडे गेला असेल तर फार बाहेर आहे, आणि तो दाताच्या उंचीच्या मध्यावर आला की जुळवणी बरोबर. पहिला ठसा तळाकडे होता. मला तो पुरेसा चांगला वाटला होता, पण मेस्त्री म्हणाले, "घाई करू नकासा, निळी काय सांगती ते बघूया." त्यांनी पिनियन पुन्हा काढला, बेअरिंग उपसले, पातळ शिम घातली आणि सगळे पुन्हा जुळवले. शिम बदलली की बॅकलॅशही बदलतो, म्हणून तोही नव्याने लावावा लागतो. ठसा मध्यावर येईपर्यंत हे चालले. एक्सल पुढे रडणार की मुकाट्याने चालणार, हे या टेबलावरच ठरते, आणि त्या कामाला जो वेळ लागतो तो मेस्त्रींना मोकळ्या मनाने द्यावा.

तेल मात्र मी स्वतः आणले. या क्राउन-पिनियनचे हायपॉइड प्रकारचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते घसरतातही, म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचे तेल लागते. मी ८०डब्ल्यू-९० या जाडीचे घातले. सुरुवातीचे ८०० किलोमीटर गाडी भरधाव पळवली नाही, चढणीवर इंजिनाला रेटले नाही आणि पहिल्या काही वेळा अर्ध्या तासाने थांबून एक्सल निवू दिला. नव्या दातांचे पृष्ठभाग एकमेकांत बसताना बरीच उष्णता निर्माण होते. ८०० किलोमीटरला तेल बदलले तेव्हा प्लगवर फक्त बारीक करडी पूड होती, कण एकही नव्हता.

एक गोष्ट वाहनधारकाने स्वतः लक्षात ठेवलीच पाहिजे. काँटेसाच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून निघते. नव्या गुणोत्तरामुळे त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट १० टक्के कमी फिरतो, त्यामुळे गाडी १०० ला असताना काटा ९० दाखवतो. चूक धोक्याच्या बाजूची आहे, आणि किलोमीटरही कमी नोंदले जात असल्यामुळे अ‍ॅव्हरेजचा हिशेबही बिघडतो. सुदैवाने जुन्या आणि नव्या दोन्ही क्राउनना ४१ च दात असल्यामुळे दुरुस्तीचे प्रमाण बरोबर १० ला ९ आले. उद्यमबागेतल्या एका छोट्या मशीन शॉपकडून २० आणि १८ दातांच्या गिअरची एक डबी करून केबलच्या मध्ये बसवून घेतली. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी आणि मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहिल्यावर काटा आता खरे बोलतो.

वंटमुरीची चढण आता बहुतेक वेळा चौथ्यातच निघते. नव्या चौथ्याची ओढ जुन्या पाचव्यापेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी जास्त आहे, आणि ट्रकमागे वेग उतरला तरी इंजिन पूर्वीच्या चाचणीत जसे धापा टाकत होते तसे टाकत नाही. पाचवा गिअर यमकनमर्डीच्या सपाट पट्ट्यात खऱ्या अर्थाने विश्रांतीचा झाला आहे. शहरात पहिला गिअर किंचित लांब वाटतो, क्लच सोडताना थोडी अधिक काळजी घ्यावी लागते, आणि ही किंमत मला मान्य आहे. जांबोटीमार्गे चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना इंजिनाचा ब्रेक पूर्वीपेक्षा कमी लागतो, म्हणून तिथे आता एक गिअर खालचा ठेवून उतरतो.

येत्या पावसाळ्याआधी टायर बदलायचे आहेत. दुकानदार १८५/६५ आर १४ लगेच द्यायला तयार आहेत, पण तो टायर व्यासाने सुमारे ३ टक्के लहान असल्यामुळे माझा ४.१ चा एक्सल व्यवहारात ४.२३ सारखा वागू लागेल आणि नुकताच दुरुस्त केलेला स्पीडोमीटर पुन्हा चुकेल. त्यामुळे उशीर झाला तरी चालेल, पण १८५/७० च मागवा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.